नऊ महिन्यांचे पत्र

सापन आणि बिच्छन या नद्यांच्या मध्ये वसलेले अचलपूर हे वऱ्हाडातील एक प्राचीन शहर. येथून उत्तरेकडे दृष्टी टाकली म्हणजे सातपुड्याची निळसर रांग दिसते. त्याच रांगेत गाविलगडाचा प्रसिद्ध किल्ला आहे. इ. स. १८०३ च्या डिसेंबर महिन्यात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली हा आपले सैन्य घेऊन अचलपुरास आला. त्यापूर्वी थोडेच दिवस, म्हणजे २९ नोव्हेंबर रोजी, अडगावच्या मैदानात त्याची मराठ्यांच्या फौजेशी लढाई झाली होती. आता त्याला गाविलगडावर चालून जावयाचे होते; परंतु जखमी शिपायांना बरोबर घेऊन घाट चढणे शक्य नव्हते. म्हणून ६ डिसेंबर रोजी त्याने अचलपुरास मुक्काम केला आणि जखमींसाठी तेथे एक लष्करी इस्पितळ उघडले. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इतिहासाच्या पुस्तकांत गडाच्या वेढ्याची हकीकत सविस्तर दिलेली असते. इस्पितळाला मात्र एखादी ओळ मिळाली तर मिळते.

ते इस्पितळ कसे असेल याची कल्पना आज करवत नाही. त्या काळी भुलीचे औषध नव्हते. गोळी लागून एखाद्याचे हाड फुटले तर तो पाय किंवा हात कापून टाकणे हाच उपाय असे, आणि तो रोग्याच्या पूर्ण शुद्धीतच करावा लागे. जखमेत जंतू शिरतात व त्यामुळे ती चिघळते, हेही कोणास ठाऊक नव्हते. शस्त्रवैद्याचे कौशल्य त्याच्या हाताच्या वेगावर मोजले जाई, कारण जितका वेळ कमी तितकी वेदना कमी. असे हाल सोसलेला शिपाई वाचला तरी आपली हकीकत सहसा लिहून ठेवीत नसे. बहुतेकांना लिहिता येत नसे. आणि ज्यांना येई त्यांनाही ती आठवण नकोशी होत असावी.

परंतु त्याच काळात, अचलपुरापासून हजारो मैल दूर असलेल्या पॅरिस नगरात, एका सैनिकाच्या पत्नीने असले शस्त्रकर्म सोसले आणि त्याची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. तिचे नाव फॅनी बर्नी. तिच्यावर शस्त्र धरणारा वैद्यही रणांगणावरचाच होता.

फॅनीचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधील किंग्ज लिन या गावी झाला. तिचे वडील डॉ. चार्ल्स बर्नी हे नामांकित संगीतज्ञ होते. घरात पुस्तके पुष्कळ. परंतु आठ वर्षांची होईपर्यंत फॅनीला अक्षरओळख झाली नव्हती. ती मंदबुद्धीची असावी असे घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे. पुढे ती वाचावयास शिकली, आणि शिकली ती अशी की लेखणी तिच्या हातून सुटेना. ती दहा वर्षांची असताना तिची आई वारली. पोरकी झालेली ही अबोल मुलगी कोपऱ्यात बसून कथा, नाटके, कविता असे काहीबाही लिहीत राही. त्या काळी कादंबरी लिहिणे हे कुलीन मुलीला शोभत नाही असा समज होता. पंधराव्या वर्षी फॅनीने मन घट्ट करून आपली सर्व हस्तलिखिते घरामागच्या अंगणात आणली व जाळून टाकली. तिची धाकटी बहीण सुझन शेजारी उभी राहून रडत होती.

कागद जळाले, पण त्यांतील एक कथा डोक्यातून जाईना. तिचीच पुढे ‘एव्हलिना’ ही कादंबरी झाली. वडिलांच्या ग्रंथाची नक्कल फॅनीच करीत असल्यामुळे तिचे अक्षर छापखान्यांना परिचयाचे होते. म्हणून तिने ही सारी कादंबरी मुद्दाम बदललेल्या हस्ताक्षरात उतरून काढली. इ. स. १७७८ मध्ये ती लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली. सारे लंडन ती वाचू लागले, आणि लिहिणारा पुरुष कोण याविषयी तर्क करू लागले! नाव फुटले तेव्हा डॉ. जॉन्सनसारख्या थोर विद्वानानेही तिची वाखाणणी केली.

या कीर्तीमुळे इ. स. १७८६ मध्ये तिला राणी शार्लटच्या पदरी नोकरी मिळाली. राणीच्या पोशाखाची व्यवस्था पाहणे हे तिचे काम होते. बाहेरून मोठा मान. परंतु पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत घंटेच्या तालावर उठावे-बसावे लागे. पाच वर्षांत तिची प्रकृती ढासळली व तिने नोकरी सोडली. वर्षाला शंभर पौंडांची नेमणूक तेवढी तिला मिळाली.

याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन अनेक फ्रेंच सरदार व लष्करी अधिकारी इंग्लंडात आश्रयाला आले होते. त्यांत अलेक्झांद्र दार्ब्ले नावाचे एक अधिकारी होते. सेनापती लाफायेत यांच्या हाताखाली ते मोठ्या हुद्द्यावर होते. आता त्यांच्याजवळ अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. फॅनीला ते फ्रेंच शिकवू लागले व ती त्यांना इंग्रजी. इ. स. १७९३ च्या जुलै महिन्यात दोघांचा विवाह झाला. परदेशी, निर्धन, त्यातून कॅथलिक जावई फॅनीच्या वडिलांना पसंत नव्हता. ते लग्नास आले नाहीत. फॅनी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती.

फॅनीबाईंच्या नेमणुकीवर व लेखणीवर संसार चालू लागला. दार्ब्ले यांनी बागकामात लक्ष घातले. तलवार चालविण्यात ते वाकबगार, पण खुरपे त्यांनी कधी हाती धरले नव्हते. एकदा त्यांनी तण समजून भाजीचा एक बहुमोल वाफाच उपटून टाकला. कुंपणाची झुडपे तर ते आपल्या लष्करी तलवारीनेच छाटीत. फॅनीबाईंनी हे सारे मोठ्या कौतुकाने माहेरी लिहून कळविले आहे. १८ डिसेंबर १७९४ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नावही अलेक्झांडर ठेवले. घरात त्याला अ‍ॅलेक्स म्हणत. पुढे ‘कॅमिला’ या कादंबरीच्या उत्पन्नातून त्यांनी एक छोटेसे घर बांधले. त्या घरात ही तीन माणसे सुखात होती.

इ. स. १८०२ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात तह झाला. आपली बुडालेली मालमत्ता व लष्करी वेतन परत मिळते का, हे पाहण्यासाठी दार्ब्ले मायदेशी गेले. नेपोलियनच्या सरकारने त्यांना पुन्हा सैन्यात घेण्याचे ठरविले. तेव्हा दार्ब्ले यांनी नेपोलियनला कळविले की, आपण फ्रान्सची सेवा आनंदाने करू, परंतु आपल्या पत्नीच्या देशाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्यांची नेमणूक रद्द झाली. ज्या माणसाने जन्मभर शिपाईगिरी केली त्याने आता पॅरिसमधील एका सरकारी खात्यात कारकुनी पत्करली. फॅनीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या. थोड्याच काळात, १८०३ च्या मे महिन्यात, तह मोडला व लढाई पेटली. परतीचा मार्ग बंद झाला. एका वर्षासाठी म्हणून आलेल्या फॅनीबाई दहा वर्षे शत्रूच्या राजधानीत अडकून पडल्या. टपाल बंद, कोणी विश्वासू प्रवासी चोरूनमारून जावयाचा असला म्हणजे त्याच्या हाती पत्र द्यावे, आणि उत्तराची महिनोन्‌महिने वाट पाहावी, अशी स्थिती होती. वृद्ध वडील, बहिणी, भाऊ सारे पलीकडे.

इ. स. १८१० च्या ऑगस्टमध्ये फॅनीबाईंना उजव्या स्तनात दुखू लागले. आरंभी त्यांनी इकडे लक्ष दिले नाही. संसारातील बाई स्वतःचे दुखणे शेवटी सांगते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. दुखणे वाढले, गाठ जाणवू लागली, तरी वैद्याला दाखविण्यास त्या तयार होईनात. पतीने व मैत्रिणींनी फार आग्रह केला तेव्हा कोठे त्यांनी मान्य केले. पॅरिसमधील नामांकित वैद्य आले. त्यांनी तपासून जे निदान केले ते कर्करोगाचे होते.

कर्क म्हणजे खेकडा. या रोगाला खेकड्याचे नाव देण्याची रीत प्राचीन ग्रीक वैद्यांपासून आहे. कठीण गाठ आणि तिच्या चहूबाजूंना फुगलेल्या शिरा पाहून त्यांना खेकड्याच्या नांग्यांची आठवण झाली असावी. आपले शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या जन्मतात, आणि हे काम ठरलेल्या मर्यादेत चालते. कधी काही पेशी ही मर्यादा सोडून वाढत सुटतात; त्यांची गाठ बनते, आणि तिच्यातील पेशी रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजतात. हा रोग कोणाच्या पापाचे फळ नव्हे, आणि रोग्याजवळ बसल्याने तो दुसऱ्यास होत नाही. फॅनीबाईंच्या वैद्यांना पेशींचे हे ज्ञान नव्हते. गाठ पसरण्यापूर्वी कापून काढावी, एवढे मात्र ते जाणत होते.

या वैद्यांत बॅरन लारे हे प्रमुख होते. नेपोलियनच्या खास पलटणीचे हे मुख्य शस्त्रवैद्य. लढाई संपण्याची वाट न पाहता जखमींना रणांगणावरून तत्काळ उचलून आणण्यासाठी हलक्या, वेगवान गाड्यांची योजना यांनीच केली होती. शत्रूचा असो की आपला असो, ज्याची जखम मोठी त्याच्याकडे प्रथम पाहावयाचे, असा त्यांचा नियम होता. असा हा धीराचा पुरुष. परंतु या बाईंवर शस्त्र चालविण्यास तो मनातून कचरत होता. त्याने पथ्य सांगितले, औषधे दिली, पुष्कळ दिवस वाट पाहिली. मध्यंतरी थोडा उतार पडला, पुन्हा दुखणे बळावले. अखेरीस शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही असे ठरले, आणि हे सांगताना लारे यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

तारीख मात्र फॅनीबाईंना सांगावयाची नाही असे वैद्यांनी ठरविले होते. वाट पाहण्यात त्यांच्या मनाची शक्ती खर्च होऊ नये, हा हेतू.

इ. स. १८११ च्या सप्टेंबरची ३० तारीख. सकाळची वेळ होती. फॅनीबाई अंथरुणातच होत्या; दार्ब्ले शेजारी कचेरीचे कागद आवरीत होते. इतक्यात एक चिठ्ठी आली. आज दहा वाजता आम्ही येत आहोत, आणि तुमचे यजमान त्या वेळी घरी नसतील असे करावे, असा लारे यांचा निरोप तीत होता. पती समोर बसलेले. चेहऱ्यावर काही दिसू द्यावयाचे नाही. फॅनीबाईंनी ती चार ओळींची चिठ्ठी मुद्दामच फार वेळ वाचली. तेवढ्यात पुढचा बेत त्यांना मनाशी जुळवावयाचा होता.

त्यांनी अ‍ॅलेक्सला जवळ बोलाविले. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. दार्ब्ले यांच्या कचेरीतील वरिष्ठ हे घरोब्याचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे जाऊन सांगावयाचे, की ती वेळ आली आहे. काही तातडीचे काम आहे असा निरोप धाडून त्यांना बोलावून घ्यावे आणि सर्व आटोपेपर्यंत तेथेच अडकवून ठेवावे. मुलगा काही बोलला नाही. तो पांढराफटक पडला आणि निघून गेला. निरोप सांगता सांगता त्याला तेथेच खाली बसावे लागले, आणि त्याला हुंदका आवरेना. हे फॅनीबाईंना मागाहून दुसऱ्यांकडून कळले.

थोड्या वेळाने कचेरीचे बोलावणे आले. दार्ब्ले काहीच न समजता निघून गेले.

खोली रिकामी करावयाची होती, म्हणून फॅनीबाईंनी वैद्यांकडून एक वाजेपर्यंतची मुदत मागून घेतली. पुढे त्यांतील एक वैद्य तीन वाजेपर्यंत मोकळा होत नाही असा निरोप आला. सारी तयारी होऊन हे दोन तास रिकामे राहिले. त्या दिवाणखान्यात गेल्या, तो पट्ट्या, बोळे, स्पंज यांचा ढीग मांडलेला. त्या मागे सरल्या. मग स्वतःशी म्हणाल्या असतील, की जे थोड्याच वेळाने पाहावयाचे ते आताच का पाहू नये. आणि पुन्हा आत गेल्या. खोलीत त्या इकडून तिकडे येरझारा घालीत राहिल्या, अगदी मन बधिर होईपर्यंत. घड्याळात तीनचे ठोके पडले. तेव्हा त्या एकदम भानावर आल्या. हाताला ताण पडू नये म्हणून वैद्यांनी त्यांना लिहिण्याची बंदी केली होती. आता त्या हाताला जपून काय करावयाचे? त्यांनी लेखणी उचलली आणि चार शब्द पतीला, चार शब्द अ‍ॅलेक्सला लिहून ठेवले. आपण वाचलो नाही, तर ते त्यांच्या हाती पडावयाचे होते.

चार गाड्या दारासमोर येऊन थांबल्या. काळ्या पोशाखातील सात पुरुष काही न विचारता खोलीत आले. लारे यांच्याबरोबर आणखी वैद्य व शिकाऊ विद्यार्थी होते. पलंग खोलीच्या मध्यभागी ओढण्यात आला. जुन्या गाद्या, जुनी चादर मागितली गेली. फॅनीबाईंना ते पाहून राग आला, कापरे भरले, पळून जावेसे वाटले. हे सारे त्यांनी कबूल केले आहे. बायकांनी खोलीबाहेर जावे असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी ठामपणे सांगितले की माझ्या बायका येथेच राहतील. यावरून थोडा वाद झाला, आणि त्या वादाने त्यांना जरा धीरच आला. मोलकरीण व एक परिचारिका भिऊन पळाल्या. दुसरी परिचारिका मात्र हाकेसरशी जवळ आली.

फॅनीबाई स्वतः होऊन पलंगावर चढल्या. थोडेसे औषधी मद्य, एवढाच काय तो आधार. एका वैद्याने त्यांच्या तोंडावर पातळ रुमाल टाकला, पण तो इतका तलम होता की त्यातून पलंगाभोवती उभी असलेली माणसे दिसत होती आणि घासूनपुसून लखलखीत केलेले पोलादही दिसत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढची वीस मिनिटे त्या शुद्धीवर होत्या. दोनदा मात्र त्यांची शुद्ध हरपली असावी असे त्यांना वाटले. आपण ओरडलो नाही, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. उलट, पहिली चीर पडल्यापासून आपण सतत किंकाळी फोडीत होतो, असेच त्यांनी सांगितले आहे. पण त्यांनी हात हिसडला नाही व पुरे करा असेही म्हटले नाही. सर्व संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. समोर लारे उभे होते. रणांगणावर हजारो जखमी पाहिलेल्या त्या माणसाचा चेहरा रोग्याइतकाच फिकट झाला होता. त्यावर रक्ताचे थेंब उडालेले होते आणि दुःख व भीती स्पष्ट दिसत होती. त्या वीस मिनिटांत केव्हातरी फॅनीबाई वैद्यांना उद्देशून म्हणाल्या, की मला तुमचीच कीव येते.

संध्याकाळी पती परत आले.

जखम भरून आली. पुढच्या वर्षी, १८१२ मध्ये, नेपोलियन रशियावर स्वारी करण्यासाठी निघाला. लारेही त्याच्याबरोबर गेले. फ्रान्समधील तरुणांना सैन्यात ओढण्याचे काम जोरात चालू होते आणि अ‍ॅलेक्सला अठरावे लागत होते. ज्या देशाविरुद्ध बापाने शस्त्र धरण्याचे नाकारले त्याच देशाविरुद्ध मुलाला लढावे लागले असते. पतीचा निरोप घेऊन फॅनीबाई मुलासह डंकर्क बंदरातून गलबतात बसल्या आणि दहा वर्षांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्यांचे वडील अजून हयात होते. इ. स. १८१४ मध्ये त्यांच्या अखेरच्या दिवसांत फॅनीबाई त्यांच्या उशाशी होत्या.

मराठी वाचकाला पुढचा प्रसंग विशेष वाटेल. इ. स. १८१५ मध्ये नेपोलियन कैदेतून निसटून पुन्हा पॅरिसला आला. दार्ब्ले आता फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात होते. फॅनीबाई ब्रुसेल्सला पळून गेल्या. तेथे एका गायनाच्या बैठकीत त्यांनी दोस्त सैन्यांचा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याला पाहिले. बारा वर्षांपूर्वी अचलपुरास जखमींचे इस्पितळ उघडणारा आर्थर वेलस्ली तो हाच. १८ जून रोजी वॉटर्लूच्या तोफा शहरात ऐकू येत होत्या. मग जखमींच्या गाड्यांची रांग लागली. ब्रुसेल्समधील बायका कापड खरवडून जखमांवर ठेवण्याचे मऊ तंतू काढू लागल्या. फॅनीबाईही त्यांत बसल्या. त्या तंतूंचा ढीग त्यांनी एकदा स्वतःसाठी मांडलेला पाहिला होता.

दार्ब्ले त्या वेळी ट्रीअर येथे होते. तेथे घोड्याच्या लाथेने त्यांच्या पायाला मोठी जखम झाल्याची बातमी आली. त्रेसष्ट वर्षांच्या फॅनीबाई, भाषा न येणाऱ्या मुलखातून, सैन्यांनी गजबजलेल्या रस्त्यांनी, एकट्या त्यांच्याकडे जाऊन पोहोचल्या. पतीला घेऊन त्या इंग्लंडला आल्या. परंतु १८१८ च्या मे महिन्यात दार्ब्ले वारले. त्यांना आतड्याचा कर्करोग झाला होता; ज्या रोगातून पत्नी उठली त्याच रोगाने पतीला नेले. अ‍ॅलेक्स केंब्रिजला गणितात चमकला, पुढे धर्मोपदेशक झाला, आणि १८३७ मध्ये आईच्या आधी गेला. फॅनीबाई ६ जानेवारी १८४० रोजी निवर्तल्या. शस्त्रक्रियेनंतर त्या अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ जगल्या. इतकी वर्षे त्या जगल्या त्यावरून ती गाठ कर्करोगाचीच होती का, अशी शंका आजचे काही अभ्यासक घेतात. पण त्या काळच्या वैद्यांना तशी शंका नव्हती, आणि फॅनीबाई तेच निदान मनाशी धरून जगल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेतील बॉस्टन शहरात एका रोग्याला ईथर हुंगवून सर्वांसमोर शस्त्रक्रिया करण्यात आली व त्याला वेदना कळल्या नाहीत. त्यानंतर जगातील इस्पितळांचे रूप पालटले. क्ष-किरण आले, औषधे आली. आपल्या महाराष्ट्रात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्यांची स्मृती त्यामागे आहे. अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचेही १९६८ मध्ये कर्करोगानेच देहावसान झाले. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव दिलेले आहे. लवकर ध्यानात आलेला स्तनाचा कर्करोग आज पुष्कळदा बरा होतो, आणि रोगी भूल घेऊन शांतपणे झोपलेला असताना शस्त्रक्रिया होते. फॅनीबाईंनी जे सोसले ते आता कोणास सोसावे लागत नाही.

आता त्यांच्या पत्राविषयी. शस्त्रक्रियेची बातमी उडत उडत इंग्लंडला पोहोचली होती. आपली थोरली बहीण एस्थर हिला ती परक्याच्या तोंडून अर्धवट कळावी, हे फॅनीबाईंना बरे वाटेना. म्हणून १८१२ च्या मार्च महिन्यात त्यांनी पत्र लिहावयास घेतले. चार कादंबऱ्यांची मजकुरी सहज पेलणारा हात येथे मात्र चालेना. एक-दोन पाने लिहावीत आणि ठेवून द्यावीत, असे तीन महिने चालले. कित्येक महिने या गोष्टीचा नुसता उच्चारही त्यांना सहन होत नसे. बोलू लागले की सारे पुन्हा घडते आहे असे वाटे. शस्त्रक्रियेला नऊ महिने झाले तरी लिहिताना डोके दुखू लागते, असे त्यांनी त्या पत्रातच नमूद केले आहे. लिहून झालेले पुन्हा वाचून पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. ‘एव्हलिना’ बदललेल्या अक्षरात लिहिणाऱ्या फॅनीबाईंनी या पत्रात कसलाही आडपडदा ठेवलेला नाही. भीती वाटली ती भीती, किंकाळी फोडली ती किंकाळी, राग आला तो राग, सारे जसेच्या तसे आहे. ते पत्र न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेले आहे. भूल नसताना केलेल्या शस्त्रक्रियेची रोग्याने स्वतः लिहिलेली इतकी तपशीलवार हकीकत फार विरळा, म्हणून वैद्यकाचे विद्यार्थीही ती वाचतात.

त्या पत्रात एके ठिकाणी अक्षर बदलते. तो मजकूर दार्ब्ले यांच्या हातचा आहे. पत्नीने लिहिलेले त्यांनी तेव्हाच प्रथम वाचले. त्या खोलीत काय घडले हे तोवर त्यांना ठाऊकच नव्हते. ते वाचून आपण अर्धमेले झालो, असे त्यांनी लिहिले आहे. माझे सांत्वन तिला घेता आले असते, पण मला ते दृश्य पाहावे लागू नये म्हणून तिने तेही नाकारले, असे म्हणून ते देवाचे आभार मानतात. त्या दिवशी सात तास आपल्या मनाची काय अवस्था झाली होती हे आपल्याला सांगता येणार नाही. अ‍ॅलेक्सला विचारा, तो कदाचित सांगू शकेल, कारण त्याचे दुःख काही कमी नव्हते, पण धीर त्याने आपल्यापेक्षा अधिक दाखविला, असे त्या वृद्ध शिपायाने आपल्या मुलाविषयी लिहून ठेवले आहे.